एकशे एक्याऐंशीपासून पुढचे

आमच्या धंद्यात गिऱ्हाईक फारसे अवघड प्रश्न विचारत नाही. अवघड प्रश्न यंत्र विचारतं. जुन्या कॉम्प्युटरवर नवी सिस्टिम चढवायला घेतली की सगळ्यात शेवटी पडद्यावर एक ओळ येते. या डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल, खात्री आहे का? खाली दोनच पर्याय, हो किंवा नाही. ही ओळ मी आयुष्यात किती वेळा वाचली असेल त्याची गणती नाही, आणि एकदाही मला खात्री नव्हती. दर वेळी मी खुर्चीतून उठतो, डिस्कची वायर कुठून कुठे गेली आहे ते बोटाने चाचपतो, डिस्कवरचा नंबर चष्मा कपाळावर चढवून वाचतो, परत बसतो, पडद्यावरचा नंबर वाचतो आणि मग 'हो' दाबतो. दाबल्यावरही वायर पुन्हा एकदा चाचपतो. माझी बायको म्हणते, तुम्ही डॉक्टर झाला नाहीत हे पेशंटांचं नशीब.

मी भित्रा माणूस आहे. आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढची हकिकत भीतीचीच आहे. बोईसरला दुकान टाकण्यापूर्वी मी तारापूरच्या एमआयडीसीत एका रसायनांच्या कारखान्यात उपकरणं सांभाळत होतो. भिंतभर काटे, आणि त्यातला एखादा लाल रेघेकडे सरकला की गजर. गजर झाला की बाकीचे आधी काट्याकडे बघायचे, मी आधी दाराकडे. सात वर्षांनी साहेबच म्हणाले, "चुरी, तुमचा या कामात जीव नाही." जीव होता म्हणूनच घाबरत होतो, पण हे त्यांना कोण सांगणार? नोकरी सोडली आणि स्टेशनजवळ कॉम्प्युटर दुरुस्तीचा गाळा घेतला. इथे काही फुटणार नव्हतं, कुणी भाजणार नव्हतं. गेले तर कुणाच्या लग्नाचे फोटो जातील, त्याहून वाईट काय होणार, असं मला वाटत होतं.

गेल्या काही वर्षांत दुकानात एक नवीन काम येऊ लागलं. घरोघरी फोन भरले. नातवाचे व्हिडिओ, सातबाऱ्याचे फोटो, सोनोग्राफीचे रिपोर्ट, सगळं एकाच फोनमध्ये आणि तो फोन सदा पडायच्या बेतात. मग लोक म्हणू लागले, घरातच एक साठवणीचं यंत्र लावून द्या. माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर घ्यायचा, त्यात दोन मोठ्या डिस्क बसवायच्या आणि इंटरनेटच्या वायरीला जोडून कोपऱ्यात ठेवून द्यायचा. पडदा नको, कीबोर्ड नको. घरातले फोन आपापलं सामान त्यात टाकत राहतात, आणि एका डिस्कवर जे पडतं ते दुसरीवरही लिहिलं जातं, म्हणजे एक मेली तर दुसरी आहे. लोक त्याला सर्व्हर म्हणतात. मी डबा म्हणतो.

डब्याचं यंत्र कुठलंही चालतं. खरी निवड असते ती सिस्टिमची, म्हणजे त्या यंत्राचा कारभार बघणाऱ्या प्रणालीची. इथे लोक फसतात ते मोठेपणाला. बोईसरच्या एका कारखान्यातले शिफ्ट इनचार्ज शर्माजी माझ्याकडे आले आणि म्हणाले, "चुरीभाई, सबसे बड़ावाला सिस्टम डालो. दिखने में एकदम कंट्रोल रूम लगना चाहिए." मी म्हटलं, तुमच्या मशिनची मेमरी चार जीबी, या सिस्टिमला स्वतःलाच आठ लागते. ते म्हणाले, "डालो तो सही." टाकली. पडद्यावर रंगीत घड्याळं, आलेख, डिस्कचं तापमान, सगळं दिसायचं, आणि एक फोटो उघडायला चहा पिऊन व्हायचा. तीन महिन्यांत मदरबोर्ड जळाला. डिस्क धडधाकट होत्या, पण त्या बड्या सिस्टिमने सामान स्वतःच्या पद्धतीने लावलेलं, दुसऱ्या साध्या कॉम्प्युटरला ते वाचताच येईना. तेवढ्या ताकदीचं यंत्र मिळवून ते परत उघडेपर्यंत शर्माजी रोज दुकानात येऊन बसायचे. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मला कारखान्यातला गजर आठवायचा.

तेव्हापासून मी हलक्या सिस्टिमच्या बाजूचा झालो. काहीही काम नसताना ती स्वतः किती मेमरी खाते ते बघायचं. वीज गेली आणि आली तर कुणी हात न लावता ती उठून कामाला लागते का ते बघायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, डबा समुद्रात पडला किंवा मी मेलो, तरी त्यातली डिस्क काढून दुसऱ्या कुठल्याही कॉम्प्युटरला लावली तर आतलं सामान दिसेल का, हे बघायचं. रंग, आलेख, घड्याळं गेली खड्ड्यात. केळव्याच्या एका घरगुती लॉजवाल्यांचा डबा मी असाच नुसत्या अक्षरांच्या सिस्टिमवर लावून दिला होता. त्या डब्यावर ऊब मिळते म्हणून त्यांची मांजर पावसाळाभर झोपली, पंख्यात केस जाऊन पंखा बंद पडला, तरी डबा चालूच होता. मला त्या डब्याचा फार अभिमान वाटायचा. तो अभिमान उतरला मुरब्याला.

मनीषा मुरब्याची, समुद्रकाठच्या मच्छीमार गावची, सून. तिचा नवरा नरेश बोटीवर, सासरे हिराजी तांडेल गावातले नावाजलेले. तांडेल म्हणजे बोट चालवणारा, मासळी कुठे मिळेल ते ठरवणारा आणि माणसं सुखरूप परत आणणारा. हिराजी तांडेलांची नजर गेल्या वर्षभरात साखरेने गेली होती, आता त्यांना उजेड आणि सावली एवढंच कळायचं. त्यामुळे नरेश त्या मोसमात पहिल्यांदाच तांडेल म्हणून बोट नेत होता.

"आमच्याकडे दर वर्षी एक फोन दर्यात जातो," मनीषा दुकानात आली तेव्हा म्हणाली. सोबत भावाचा जुना कॉम्प्युटर रिक्षात घालून आणला होता. "फोटो जातात त्याचं काय नाय, काका. पण बाबांचे पॉइंट फोनमध्ये हायत. ते गेले तर आमी संपलो."

पॉइंट म्हणजे काय ते तिनेच मला समजावलं. समुद्रात पाटी नसते. जिथे मासळी मिळते त्या जागेचे आकडे बोटीवरच्या जीपीएसमध्ये नोंदवतात, म्हणजे पुढच्या वेळी नेमकं तिथे जाता येतं. जिथे पाण्याखाली खडक आहेत किंवा बुडालेल्या जहाजाचं लोखंड पडलं आहे, त्या जागाही नोंदवतात, त्या टाळायला. लोखंडात जाळं अडकलं आणि बोट ओढत असताना लाट आडवी आली, तर बोट कलंडते. हिराजी तांडेलांकडे असे दोनशेच्या वर पॉइंट होते, सगळ्या आयुष्याची कमाई.

मी म्हटलं, "इंटरनेटवर ठेवा ना. फुकट जागा मिळते."

"बाबा नाय म्हणतात. पॉइंट घराबाहेर जाणार नाय. शेजारच्या बोटीला सांगत नायत, ते अमेरिकेला पाठवतील?"

म्हणजे डबाच हवा. यंत्राची मेमरी होती दोन जीबी, आणि पेटीच्या पत्र्याला खाऱ्या वाऱ्याने आधीच गंज धरला होता. मी तीन सिस्टिम काढल्या. एक बडी, प्रत्येक फाईलच्या जुन्या आवृत्त्याही जपून ठेवणारी, म्हणजे काही चुकलं तर कालची फाईल परत मागता येते. ती दोन जीबीवर चढेचना. दुसरी मधली, वेबपेजवर बटणं असलेली. ती चढली, पण दोन फोन एकदम जोडले की धापा टाकायची. तिसरी नुसती अक्षरांची, लिनक्सची उघडी हाडं. चालू केली तर मेमरीचा जेमतेम विसावा भाग खाऊन गप्प बसली. मी पाच वेळा तिची वायर खेचून वीज घालवली, पाचही वेळा ती आपली आपण उठली.

मनीषा शेजारी स्टुलावर बसून बघत होती. तिने विचारलं, "काका, हलकी म्हंजे कच्ची का?"

"उलट," मी म्हटलं. मला बोलायला आवडतं, त्यात ऐकणारं माणूस हुशार. "साठवणीच्या यंत्राने शहाणपणा करायचा नाही. जे दिलं ते ठेवायचं, मागितलं की तसंच्या तसं द्यायचं. बड्या सिस्टिमा मध्येच काहीतरी सुधारायला जातात. ही तोंड मिटून ठेवते. हिची तीच खुबी."

हे वाक्य मी तेव्हा बोललो. नंतर कित्येक दिवस ते माझ्या कानात वाजत राहिलं.

मनीषाच्या फोनमधली पॉइंटची फाईल त्या फोनच्या अॅपच्या खास बांधणीची होती. माझ्या नियमाप्रमाणे ती कुठल्याही यंत्राला वाचता यायला हवी, म्हणून मी तिची साधी अक्षरी फाईल केली. एका ओळीत एक पॉइंट, आधी क्रमांक, पुढे आकडे. नाव नाही, खूण नाही. मग मनात भीती शिरली, आपण बांधणी बदलताना काही सांडलं तर नाही? पडताळायला काय आहे म्हणून शोधलं, तर तिच्या फोनमधून डब्यात उतरवलेल्या फोटोंत मनीषाने काढलेले तांडेलांच्या जुन्या वहीच्या पानांचे फोटो सापडले. पहिला जीपीएस घेतला तेव्हाची वही, तांडेलांच्या हातची. मी पहिलं पान उघडलं आणि फाईलशी ताडून बघितलं.

पहिला पॉइंट चुकलेला. वहीत शेवटी ४१७, फाईलमध्ये ४७१. दुसऱ्याचे शेवटचे दोन आकडे असेच उलटे. तिसऱ्याचेही.

पान उलटलं, तेच. तीस ओळी तपासल्या, तिसाव्या ओळीपर्यंत प्रत्येक पॉइंटचे शेवटचे दोन आकडे उलटे. बांधणी बदलताना मीच काहीतरी घोटाळा केला, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका उरली नाही. भित्र्या माणसाचं असंच असतं, काही बिघडलं की पहिला आरोपी तो स्वतः. मूळ फोन मनीषा घेऊन गेली होती. तिला एक फोन केला असता तर संपलं असतं. पण फोन करून सांगायचं काय? तुझ्या सासऱ्याच्या आयुष्याची कमाई मी पहिल्याच दिवशी विस्कटली? माझी हिंमत झाली नाही. मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं, आणि प्रत्येक ओळीतले शेवटचे दोन आकडे परत उलटे करणारी एक आज्ञा लिहिली. सगळ्या ओळींना. यंत्राने विचारलं, जुन्या फाईलवर नवी लिहायची, खात्री आहे का? मी 'हो' दाबलं. पुन्हा तीस ओळी वहीशी ताडल्या. तंतोतंत जुळल्या. हुश्श झालं.

तिसाव्याच्या पुढे मी बघितलंच नाही.

मंगळवारी दुपारी मुरब्याला जाऊन डबा लावून आलो. ओटीवर लाकडी फळी, तिच्यावर डबा, खाऱ्या वाऱ्यापासून जरा आडोशाला. मनीषाने माझ्यासमोर डब्यातून पॉइंटची फाईल घेतली, जीपीएसच्या कार्डावर टाकली आणि कार्ड नरेशच्या हातात दिलं. बुधवारी पहाटेच्या भरतीला बोट निघाली.

बुधवारी सकाळी मुरब्याला वीज गेल्याचं कळलं. डबा उठला की नाही ही रुखरुख मला उमरोळीच्या माझ्या घरात बसू देईना, म्हणून दहाच्या सुमाराला मी परत तिथे पोचलो. डबा उठला होता. दिवा हिरवा, फोन जोडलेले. मनीषाने चहा ठेवला. हिराजी तांडेल ओट्यावर खुर्ची टाकून समुद्राच्या दिशेला तोंड करून बसले होते. मी त्यांच्याजवळ बसलो. काम चांगलं झालं होतं, चहा चांगला होता, आणि आदल्या दिवशीची भीती आता सांगण्यासारखी गंमत झाली होती.

म्हटलं, "तांडेल, एक सांगू का? तुमच्या पॉइंटच्या फाईलमध्ये मोठा गोंधळ झाला होता. आकडे उलटसुलट. तुमच्या जुन्या वहीवरून मी सगळे सरळ करून दिले."

त्यांनी कप खाली ठेवला. "वही? वही कुठं बघितली?"

"मनीषाने फोटो काढलेत ना."

त्यांनी तोंड माझ्याकडे वळवलं. मग म्हणाले, "सगळे सरळ केले? एकशे एक्याऐंशीपासून पुढचे पण?"

"सगळे," मी म्हटलं, आणि म्हणतानाच बघितलं, त्यांचा चेहरा पांढरा पडत चालला होता.

"भाऊ," ते हळू आवाजात म्हणाले, "मासळीचे पॉइंट मीच उलटे ठेवलेले. कार्ड दहा हातांतून जातं. कोणी चोरून घेतलं तर त्याला मासा नाय मिळायचा. वही घरातल्या पेटीत, ती खरी. एकशे ऐंशीपर्यंत मासळी. नरेश दर्यावर मनात उलटे करून घेतो, त्याला ठाऊक हाय. दुसऱ्या कोणाला नाय, सुनेला पण नाय." मग त्यांनी श्वास घेतला. "पुढचे तेवीस दगड हायत, खडक नि लोखंड. दगड मी कधी उलटे नाय केले. माशाची जागा लपवायची, दगडाची नाय. कार्ड चोराच्या हातात गेलं तरी त्याची बोट फुटायला नको."

शेवटचे दोन आकडे उलटे झाले की जागा शंभरेक मीटर सरकते. मासळीच्या बाबतीत शंभर मीटर म्हणजे जाळं रिकामं. लोखंडाच्या बाबतीत काय, ते मनीषाने मला दुकानातच सांगितलं होतं. ती दारात चहाची किटली घेऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. किटली तशीच खाली ठेवून तिने नरेशचा फोन लावला. लागणार नव्हताच, पाच तास झाले होते बोट निघून.

"सोसायटीत चला," तांडेल उठले आणि त्यांनी माझा दंड धरला. त्यांना दिसत नव्हतं आणि मला चालवत नव्हतं. वाळत घातलेल्या बोंबलांच्या वलांडीतून आम्ही किनाऱ्याकडे निघालो, तेव्हा खरं म्हणजे तेच मला नेत होते.

मच्छीमार सोसायटीच्या खोलीत वायरलेसचा सेट आहे. किनाऱ्यावरून तो फार लांब पोचत नाही, पण मधल्या बोटी निरोप पुढच्या बोटीला सांगतात. खोलीत सहा-सात माणसं होती, सगळी दुसऱ्या बोटींची. सेटवर बोललेलं दर्यावरच्या प्रत्येक बोटीला ऐकू जाणार होतं. हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा मी तांडेलांच्या कानाशी लागलो. "नुसतं परत ये म्हणून सांगा. कारण नका सांगू. तुमची उलट्या आकड्यांची खूण फुटेल."

"नुसतं परत ये म्हटलं तर तो समजेल घरात कोण गेलं," तांडेल म्हणाले. "मग जिवाच्या आकांताने सरळ मारत येल. आणि कशावरून येल? त्याच कार्डावरून."

सेटवरच्या माणसाने माइक त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो तोंडाजवळ धरला आणि स्वच्छ, मोठ्या आवाजात बोलले. मला अजून शब्दन् शब्द पाठ आहे.

"हिराजी बोलतो. जो ऐकतो त्याने नरेशला पोचवा. माझे मासळीचे पॉइंट उलटे लिहिलेले असतात, शेवटचे दोन आकडे. नरेशला ठाऊक हाय. आता चुकून कार्डावर मासळी सरळ झाली हाय आणि दगड उलटे झालेत. नरेश, एकशे एक्याऐंशीपासून पुढचे परत उलटे कर. एकशे एक्याऐंशीपासून पुढचे. दगड उलटे हायत."

तीन वेळा सांगितलं. खोलीत कुणी हललं नाही. त्या सहा-सात माणसांच्या बापांनीही हिराजीच्या पॉइंटचं कोडं सोडवायचा प्रयत्न केला असणार, आणि ते असं भर दिवसा, सेटवरून, आकड्यासकट सुटलं होतं. 'चुकून' असं ते म्हणाले. कुणाच्या चुकीने, ते त्यांनी सांगितलं नाही. मी त्यांच्या शेजारीच उभा होतो, मीही सांगितलं नाही.

मग वाट बघणं. सेटमधून खरखर यायची, मध्येच कुणीतरी म्हणायचं, पुढे सांगितला, पुढे सांगितला. कारखान्यात गजर वाजला की निदान दाराकडे पळता यायचं. इथे दार उघडं होतं आणि मला जायला जागा नव्हती. मनीषा भिंतीशी उकिडवी बसली होती, हातातल्या फोनकडे नुसती बघत. मी मनातल्या मनात आकडे उलटेसुलटे करत होतो. पहिलं जाळं दुपारच्या आत पडतं, असं खोलीतलं कुणीतरी म्हणालं होतं. खोलीतली माणसं एकेक करून जेवायला जायची वेळ झाली तरी एकही गेलं नाही.

दीड-दोनच्या सुमाराला सेटमधून आवाज आला. दुसऱ्याच बोटीचा, तुटक. "नरेशला पोचला. जाळं टाकलेलं. एक टोक लोखंडात अडकलं होतं, निरोप आला तसा कापून सोडलं. माणसं ठीक हायत. बोट ठीक हाय. पाच माणसं ठीक हायत."

मनीषा तोंडाला पदर लावून रडली. तांडेलांनी माइक चाचपडत टेबलावर नीट ठेवला. बाहेर आल्यावर मी त्यांचे पाय धरायला वाकलो, तर त्यांना दिसलंच नाही, ते पुढे चालत राहिले.

घरी पोचल्यावर मनीषाने मला एकच गोष्ट विचारली. "काका, आकडे चुकलेत असं वाटलं तेव्हा मना फोन का नाय केला?"

"भीती वाटली," मी म्हटलं. त्या हलक्या सिस्टिमने शब्द पाळला होता, दिलं ते ठेवलं होतं, तसंच्या तसं परत दिलं होतं. शहाणपणा करणारा दुकानात एकटा मीच होतो.

पुढच्या फेऱ्यांना हिराजींच्या जागांवर दुसऱ्या बोटी दिसू लागल्या. नरेशची बोट त्या मोसमात कितीदा तरी मासळीचा खण अर्धा रिकामा घेऊन परत आली. मला कुणी बोल लावला नाही, आणि त्यामुळेच मी मुरब्याला जायचं टाळू लागलो. मग एक दिवस तांडेलांचाच निरोप आला, डब्यापाशी काम आहे, या. गेलो. त्यांनी मला बसवलं आणि म्हणाले, "दगडांची यादी वेगळी काढा. तेवीसच्या तेवीस. गावातल्या सगळ्या बोटींना द्या. लपवायचं ते आता संपलं, दगड तरी सगळ्यांना ठाऊक होऊ दे."

तेव्हापासून दर वर्षी मासेमारीची बंदी उठायच्या आधी मी मुरब्याला जातो. डबा अजून तोच आहे, सिस्टिम तीच. पत्र्याला भोकं पडली, मी नवा पत्रा ठोकला. इतर बोटवाले वर्षभरात सापडलेले त्यांचे दगडही आता आणून देतात, तेवीसचे एकतीस झाले. ती फाईल मी कुलूपबंद ठेवली आहे, वाचता येते, बदलता येत नाही. वर्षातून एकदाच उघडायची. ओटीवर मी यादी मोठ्याने वाचतो आणि तांडेल डोळे मिटून ऐकतात. जुन्या तेवीसांचे आकडे त्यांना पाठ आहेत, नव्यांचे ते प्रत्येक बोटवाल्याला समोर बोलावून त्याच्याच तोंडून वदवून घेतात. आता त्यांना उजेडही कळत नाही.

या वर्षी वाचून संपलं, नवे दगड घातले, आणि यंत्राने नेहमीचा प्रश्न विचारला. माझं बोट बटणावर तसंच राहिलं.

"काय झालं?" तांडेल म्हणाले. "थांबलात का?"

"काही नाही. यंत्र विचारतंय, खात्री आहे का."

मला वाटलं ते हसतील. ते हसले नाहीत. त्यांनी खुर्ची जरा पुढे ओढली, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

"नाय सांगा त्याला," ते म्हणाले. "परत वाचा. पयल्यापासून."